गजकर्ण नाही

सूनबाई,

तू अंघोळीला गेलीस आणि मला शिवणाचं दुकान उघडायचंय, म्हणून लिहून ठेवते. माझ्या हातावरच्या गोल चट्ट्यांचा रिपोर्ट काल आला. जेवताना सांगायचं राहून गेलं.

गजकर्ण नाही. औषधवाल्याने काउंटरपलीकडून बघून मलम दिलं आणि आपण सगळे मान डोलावून मोकळे झालो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही कातडीला आलेली सूज आहे, का येते ते नक्की कळलेलं नाही. धोका नाही, कुणाला लागत नाही. वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाईल, नाहीतर राहील.

मलम फेकून दिलंय. माझे कपडे आता सगळ्यांच्या कपड्यांत टाक. माझ्या कपावर तू खूण म्हणून लावलेलं नेलपॉलिश काही निघत नाही. राहू दे, कप चांगला आहे. तुला बोल लावत नाही. घरात तान्हं बाळ, मीही हेच केलं असतं.

परवा छोटीला सात महिने होतील. संध्याकाळी तिला माझ्याकडे देऊन बघ. रडली तर लगेच परत घे, तिला माझ्या हातांची सवय नाही.

आई