मुठीला मलम

प्रिय ठमे,

फोन लागत नाही म्हणून जिवाला घोर लावून घेतला असशील. माझा फोन तुझ्या बाबांनी रविवारी भिंतीवर आपटला. अक्षर कोंबडीचे पाय झालंय, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजव्याचं पुढे सांगते.

आधी चांगली बातमी. बाबांच्या फुप्फुसातली गाठ निम्म्याहून लहान झाली. गाठीचा तुकडा तपासायला पाठवाच, असा हट्ट तू धरला नसतास, तर ही गोळी सुरूच झाली नसती. नर्स पोरगी असल्याचा फायदा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गोळी नेमकी बिघडलेल्या पेशींना गाठते, सरसकट सगळ्या शरीरावर मारा करत नाही. मला हसूच आलं. नेम धरून मारणं आपल्या घराला काय नवं? चेहरा सोडून, कपड्यांनी झाकेल तिथेच. तुझा जबडा तेवढा नेम चुकल्यामुळे मोडला. त्याच आठवड्यात तू घर सोडलंस, ते बरं केलंस.

खरं सांगू? ते खोकून खोकून अंथरुणाला खिळले, ते चार महिने माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे. गॅरेजात दिवसभर पत्रे ठोकणारा माणूस, त्याला पाण्याचा पेला धरवेना. मी शिलाई मशीन खिडकीपाशी ओढलं आणि राजरोस गुणगुणत ब्लाउज शिवले. मग गोळी लागू पडली. श्वास परत आला, पाठोपाठ शिव्या आल्या. हात तेवढे येईनात, कारण या गोळीने नखांच्या कडा चिघळतात. मूठ वळली की रक्त यायचं. मीच रोज त्यांची बोटं कोमट पाण्यात बुडवायची, एकेका नखाला मलम लावून पट्टी बांधायची. सहा आठवडे. ज्या दिवशी मूठ पुरती वळली, त्याच दिवशी ती माझ्या बरगडीत बसली. चहा निवला होता म्हणून. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मरू तर मीच दिलं नव्हतं. रविवारी तुझा फोन आलेला पाहून त्यांनी माझा हात मशीनच्या फळीवर दाबला आणि वरून इस्त्री आपटली. दोन बोटं मोडलीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सोमवारपासून तीन दिवस मी त्यांना ती गोळी दिलीच नाही. तशीच दिसणारी पित्ताची दिली आणि खरी बटणांच्या डब्यात टाकली. त्यांनी मुकाट गिळली. कुणाला कळलंही नसतं. मला वाईट वाटलं नाही गं, आणि वाटलं नाही याचीच भीती वाटली. आज सकाळी ते आंघोळीला गेल्यावर तिन्ही गोळ्या बाटलीत परत टाकल्या, बाटली त्यांच्या उशाशी ठेवली आणि दवाखान्याच्या फायलीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, रोज एक, आपल्या हाताने घ्यावी. हात मी बरे करून दिलेत. मग मशीनला झाकण घातलं आणि निघाले. आत्ता मावशीकडे आहे. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुझ्याकडे पोचेन. दार वाजलं की तू अजून दचकतेस, ठाऊक आहे मला. मी हळूच वाजवीन, दोनदा. उघड.

तुझीच,
आई