तुमची अडचण सव्वीस रकान्यांत

३ मार्च, सोमवार
आमच्या कंपनीचं पेशंट-नोंदणीचं सॉफ्टवेअर दीडशे दवाखान्यांत चालतं. त्यात काय कमी आहे, हे लोक आपण होऊन का सांगत नाहीत? मला उत्तर माहीत नाही. सांगायची सोय नसावी. ती मी करणार. घरातली पहिली पदवीधर आहे. पदवी लोकांच्या उपयोगी पडायलाच हवी. संकल्प: फॉर्म तीन प्रश्नांचा. चौथा नाही.

६ मार्च
सव्वीस रकाने झाले. एकही कमी करता येत नाही, प्रयत्न केला. कुणी दोनदा भरू नये म्हणून एका फोन नंबरावर एकच फॉर्म.

१० मार्च
फॉर्म सुरू. आलेले: शून्य. सोमवार आहे.

१२ मार्च
शून्य. म्हणजे सगळे समाधानी. साहेबांना तसं कळवलं. ते नुसतं 'हं' म्हणाले.
आई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असते. तिथे आमचंच सॉफ्टवेअर. जेवताना म्हणाली, अगं, तुमचं ते एका नंबरावर दुसरा पेशंट घेतच नाही. घरात माणसं पाच नि फोन एक, मी करू काय? मी तिला थांबवलं. म्हटलं, तोंडी तक्रारीची नोंद होत नाही, फॉर्म भर. म्हणाली, भाजी वाढ म्हणून तोंडीच सांगतेस ना?

१४ मार्च
आईने दवाखान्यातून फॉर्म उघडला. पहिल्याच रकान्यात दवाखान्याचा नंबर टाकला, तर उत्तर: हा नंबर आधी वापरलेला आहे. डॉक्टरांनी सोमवारी चौथ्या रकान्यापर्यंत जाऊन सोडून दिला होता. म्हणजे यंत्रणा चोख आहे. स्वतःच्या नंबरावरून भर म्हटलं, तर म्हणे मला दुसरी कामं आहेत.

१८ मार्च
आईने परस्पर तोडगा काढला होता. घरातल्या दुसऱ्या पेशंटसाठी नंबराचा शेवटचा आकडा एकाने वाढवायचा, तिसऱ्यासाठी दोनाने. नोंद होते, आठवणीचे मेसेज भलत्यांनाच जातात. काल एका अनोळखी गृहस्थांना कळवलं गेलं की उद्या तुमची दाढ काढायची आहे. ते घाबरून आले. दाढ खरंच किडलेली निघाली, हा भाग वेगळा. पण जिची काढायची होती, ती आजी घरी कळवळत बसली.
डॉक्टरांनी आईला बजावलंय: शुक्रवारपर्यंत घोळ निस्तरा, नाहीतर मी दुसरी बाई बघतो.
मी आईला धीर दिला. म्हटलं, तुला प्रशिक्षण कमी पडलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

२० मार्च, गुरुवार
'एका नंबरावर एकच पेशंट' हा नियम कुणा शहाण्याने घातला, ते जुन्या नोंदींत शोधलं. मीच. नोकरीतलं पहिलं काम. तेव्हा शाबासकीही मिळाली होती.
मी कॉलेजला जाईपर्यंत आमच्या घरात फोनच नव्हता. माझ्या प्रवेशअर्जावर शेजारच्या काकूंचा नंबर होता.

२१ मार्च, शुक्रवार
साहेब म्हणाले, नियम काढायचा तर रीतसर मागणी हवी, तुमचाच फॉर्म भरा. मी भरायला बसले. बाविसाव्या रकान्यावर उठले. नियम काढला आणि दवाखान्यात गेले. ताटकळलेल्या पेशंटांसमोर डॉक्टरांना सांगितलं की घोळ या बाईंचा नाही, माझा आहे. डॉक्टर म्हणाले, मग यांनी तुम्हाला कळवलं का नाही?
कळवलं होतं, म्हटलं. जेवताना.
आईने मान वर केली नाही. पुढच्या पेशंटला म्हणाली, या, तुमच्या पाचही जणांची नावं सांगा. डॉक्टर आत गेले.
फॉर्म मी निघण्याआधीच काढून टाकला होता. त्या जागी आता माझा फोन नंबर आहे.