दिवाणखान्याची पट्टी

सांगानेर, जयपूर
४ जुलै २०२४

ती. शालूताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेल्या आमच्या दगडी कोठीच्या दिवाणखान्यात छताची एक पट्टी तडकली आहे. आठ फुटी सलग दगड. तडा वाढतो का ते कळावं म्हणून मी त्यात घट्ट खोवलेली कागदाची घडी परवा जमिनीवर पडलेली दिसली.

कोठी संरक्षित यादीत आहे, परवानगीशिवाय खिळाही ठोकता येत नाही. पुरातत्त्व कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज देऊन सात आठवडे झाले. पाहणी होईपर्यंत हात लावू नका म्हणतात. तुझी भावजय मनीषा त्याच खोलीत गावातल्या बायकांना शिवण शिकवते. वर्ग पडवीत हलवला, पण पाऊस आला की सगळ्या पुन्हा आत. आमची लेक ऋचा दुर्गापुऱ्याला तिच्या घरी बोलावते. मनीषा ऐकत नाही. मला जेवण जात नाही.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा नागनाथ

सातारा
११ जुलै

चि. नागनाथ,
अनेक आशीर्वाद.

बँकेत तू सहीशिवाय टाचणी हलवत नव्हतास, ठाऊक आहे. पण त्या दगडाला तुझा अर्ज वाचता येत नाही. खोलीला कुलूप लाव, नाहीतर टेकू दे. मनीषाला सांग, माझा तिच्यावर तुझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे. रागावलास तरी पत्र लिही.

तुझी ताई

सांगानेर
२४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मनीषानं आधी फोडलं. मी कार्यालयात खेटे घालत असताना तिनं मिस्त्रीकडून चार लाकडी टेकू पट्टीखाली उभे करून घेतले. घरी आल्यावर मी चिडलो, नोटीस येईल म्हणालो.

गुरुवारी सकाळी, पावसामुळे वर्ग आत भरलेला असताना, पट्टी दुभंगली. मी धावलो. दोन्ही तुकडे टेकूंवर अडले होते. सहा बायका भिंतीला चिकटून उभ्या, मशिनींवर चुन्याचा थर. कुणाला खरचटलंही नाही.

काल पाहणीवाले आले. साहेबांनी आधी टेकूच मोजले आणि परवानगी कुणी दिली, ते विचारलं. मी पिशवीत अर्जाची प्रत शोधू लागलो. मनीषा म्हणाली, "परवानगी नव्हती, साहेब. माणसं होती."

त्यांनी दुभंगलेली पट्टी खालून नीट पाहिली. मग टेकू राहू द्यावेत, दुरुस्ती लगेच सुरू करावी, असं तिथेच लिहून दिलं.

ताई, त्या दिवशी मी घरी असतो तर टेकू लागले नसते. मनीषाला हे अजून सांगता आलेलं नाही.

तुझा नागनाथ