परसातल्या अळ्या आणि तुमची बहीण

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समजावं.) तुमचा गुडघा आणि साडूंचा खोकला आटोक्यात असेल अशी आशा आहे. तुमची बहीण मजेत असेलच. मजेत नसायला तिथे मी थोडाच आहे! आठ दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे आली, त्याला पाच महिने झाले. मी काही दिवस मोजत बसलेलो नाही, पण कॅलेंडर समोरच टांगलंय.

निघताना ती काय बोलली ते तुमच्या कानावर आलंच असेल. ‘या घरात मुंगीसुद्धा टिकत नाही, मी कशी टिकू?’ आता चाळीस वर्षं कीटकनाशक फवारण्यात घालवलेल्या माणसाला हे कौतुकच वाटणार ना? मी आपला छाती काढून ‘मग!’ म्हणालो. तिने बॅग उचलली. त्यानंतर तिचं एकच पत्र आलं, तेही स्वेटर पाठवा म्हणून. खाली दोन ओळी होत्या, की ताईच्या परसात एक चिमुकला तपकिरी पक्षी सकाळी गातो आणि त्यामुळे उठावंसं वाटतं. (माझ्याकडे ती सदतीस वर्षं कशामुळे उठत होती, देव जाणे.) म्हटलं, एवढंच ना? आणतो पक्षी. तिच्यासाठी नाही हं, मला मुळातच पक्ष्यांचं वेड आहे, गेल्या जुलैपासून.

तर मी परसात धान्य टाकलं. कबुतरं आली, सहकुटुंब. पाण्याचं भांडं ठेवलं, त्यात शेजारणीचं मांजर पाय बुडवून बसायला लागलं. लाकडी घरटं टांगलं, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने माती उकरली, पानं उलटली आणि विचारलं, ‘काका, तुमच्याकडे किडे कसे नाहीत हो?’ ताई, उभ्या आयुष्यात हा प्रश्न मला कुणी तक्रार म्हणून विचारला नव्हता! तो म्हणाला, तुमचा तो पक्षी दाण्याला तोंड लावत नाही. त्याला अळ्या लागतात, कोळी लागतात, कुजका पाला लागतो. म्हणजे ज्यांना मारून मी घर चालवलं, नेमकं त्यांनाच पाहुणे म्हणून आणायचं. आणले. पाल्याची दोन पोती, आत वळवळणारं गोकुळ. स्वतःच्या हाताने पसरलं आणि मोठ्या समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी सकाळी चहा झाला की परसात फवारणी, हा नियम लग्नाच्याही आधीचा. पंप पाठीला, हात आपोआप चालला. अर्ध्यात आलो तेव्हा लक्षात आलं मी काय करतोय. तोवर गोकुळ आडवं झालं होतं. मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. (अळ्यांसाठी. दुसऱ्या कशासाठी असणार?)

मग पंप देऊन टाकला आणि पाला पुन्हा आणला. आता गवत गुडघ्याला लागतं, मुंग्या साखरेत आहेत, चौकटीला वाळवी लागलीय. एक जुनं गिऱ्हाईक ती पाहून पोट धरधरून हसलं. एवढं करूनही पक्षी नाहीच. नसू दे. मला कुणाचीच गरज नाही, पक्ष्याची तर नाहीच नाही.

साडूंना नमस्कार.

तुमचा,
बहिणीचा नवरा (अजून तरी)

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका. विचारलंच तर सांगा, मजेत आहे, वजन वाढलंय.

पुन्हा ता. क. चिकटवलेलं पाकीट फाडून लिहितोय. तो आलाय. आत्ता, भिंतीवर. चोच उघडतोय, मिटतोय, गळा फुगवतोय, आणि मला काहीच ऐकू येत नाहीये, ताई. इतकी वर्षं पंपाची मोटर कानाशी घरघरली, बारीक आवाज केव्हाच गेले. कान तपासून घ्या म्हणून ती मागे लागायची, मीच उडवून लावायचो. हा गातोय की नुसताच चोच उघडतोय, ते मला कळायला मार्ग नाही. तिला पाठवा. नुसतं ऐकून सांगू दे, मग हवं तर संध्याकाळच्या गाडीने परत जाऊ दे.