विमानाचं मासिक चालू ठेवलंय

अहो,

पत्राच्या वर माणसाचं नाव लिहायची रीत आहे, पण मी तुमचं नाव कधी घेतलंय का? लग्नातला उखाणा सोडला तर नाही. म्हणून नुसतं 'अहो'. तेवढ्यावर तुम्ही दुकानातून ओ द्यायचात, आताही तेवढ्यावरच भागवून घ्या.

लिहायचं कारण तुमचं ते विमानाचं मासिक. या वेळच्या अंकात चिठ्ठी आली, वर्गणी संपत आली म्हणून. त्यावरून घरात चांगलंच वाजलं. दत्ता म्हणतो, बंद करून टाकू. "आई, आता कोण घेतंय मासिकं? समदं फोनवर हाय. अन् हे येतंय बी शिळं होऊन."

खोटं नाही बोलला तुमचा लेक. शिळं तर यायचंच! नवी विमान कंपनी निघाल्याची बातमी तुम्ही पारावर थाटात सांगायचात, तोवर ती कंपनी बुडालेली असायची. पण घाटनांदुरात त्यानं कुणाचं काय अडत होतं?

अंक आला की तुमचं काम थांबलंच. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून घ्यायला माणसं खोळंबलेली, आणि तुम्ही तांब्याची तार बाजूला सारून, साबणानं हात धुऊन पानं उलटताय. इंग्रजी तुम्हाला कितपत येत होतं ते मला ठाऊक आहे हं! चित्र बघायचं, चार शब्द लावायचे आणि उरलेलं मनानं. "आण्णा, ह्याच्या पंख्याला किती एचपीची मोटार लागत आसंल?" असं कुणी विचारलं की तुमची कळी खुलायची. मग चहा सांगितला जायचा, आणि तो मला करावा लागायचा.

शाळा उघडली की जुने अंक निघायचे. गल्लीतल्या पोरांच्या पुस्तकांना विमानाची कव्हरं! कागद असा गुळगुळीत, की दप्तर भिजलं तरी पाणी ओघळून जायचं. कुठल्या पुस्तकाला कुठलं विमान, हे तुम्हीच ठरवणार. गणिताला कायम लढाऊ. का, ते कधी सांगितलं नाहीत.

एवढं वेड, आणि पुण्याच्या लेकीनं विमानाचं तिकीट काढते म्हटलं तर काय म्हणालात? "आत बसल्यावर इमान दिसतंय व्हय? ते खालूनच दिसतंय." तुमच्या या हट्टापायी माझंही राहिलं की हो! मला खिडकीतून आपलं घाटनांदूर वरून बघायचं होतं. तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही.

परवा दत्तानं अंगणात उभं करून फोन आभाळाकडे धरला. तुम्ही रोज दाखवायचात ते दुपारचं विमान चाललं होतं, तुमच्या म्हणण्यानं दुबईचं. फोनवर त्याचं सगळं गणगोत आलं. तर ते निघालं हैदराबादचं! अहो, उगवतीकडं चाललेलं विमान दुबईला कसं जाईल, हे मलाही कळायला हवं होतं. इतकी वर्षं मी हैदराबादच्या माणसांना दुबईची समजून हात करत होते! एकटीच हसत सुटले. मग पदर डोळ्यांना लावला.

दत्ता म्हणाला, "बघ, फोन खरं सांगतो. मग मासिक कावून घ्यायचं?"

लेकाला सांगण्यासारखी गोष्ट नाही ती. तुम्हाला सांगते.

तुम्ही गेल्यावर पहिला अंक आला, तेव्हा पोस्टमन सत्तारभाईंनी सवयीनं दारात सायकल टेकवून तुमचं नाव पुकारलं. बापाच्या नावासकट, अख्खं. मग जीभ चावून खालीच बघत राहिले. "माफ करा भाभी, तोंडातून निघून गेलं."

मी म्हटलं, "निघू द्या भाई. दर टायमाला आसंच पुकारा."

या घरात तुमचं नाव घेणारं आता आहे कोण? मी घेत नाही. लेकरं 'दादा' म्हणतात, गाव 'आण्णा' म्हणायचं. लाइटबिलावर नाव येतं, पण ते कुणी मोठ्यानं वाचत नाही. अख्ख्या नावानं दारात हाक येते ती फक्त त्या मासिकापायी. आणि ती ऐकली की मला वाटतं, तुम्ही मागं मोटार उघडून बसलाय, म्हणून उठायला वेळ लागतोय. ते बंद कसं करू?

काल दत्ता बाहेर गेल्यावर चिठ्ठीवरचा नंबर मीच लावला. पलीकडून एका पोरीनं विचारलं, "वर्गणी कोणाच्या नावानं?"

झाली ना पंचाईत! सांगायला जवळ लेकरू नाही, शेजारीण नाही. एकदा वाटलं, उखाणाच घ्यावा. मग देवाचं नाव घेतलं आणि पुटपुटले.

"आवाज येत नाही काकू, मोठ्यानं बोला."

मग मात्र अंगणात जाऊन ओरडलेच. मुरलीधर ग्यानोबा! शेजारची कौसाबाई भिंतीवरून बघायला लागली. अहो, किती चांगलं नाव आहे तुमचं! उगाच इतकी वर्षं तोंडात धरून बसले.

तर मासिक येत राहील, शिळं का होईना. जून आला की पोरांना कव्हरं मी घालून देईन, गणिताला लढाऊच. आणि सत्तारभाई दारात तुमचं नाव पुकारतील तेव्हा हातातलं काम टाकून, तुमच्या वतीनं, मी ओ देईन.

तुमची,
रुक्मिण मुरलीधर