गुलबक्षी भिंत

॥ श्री ॥

अल मनखूल, दुबई
बुधवार, ३ जून २००९

चि. सौ. छाया हिस सासूकडून अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. घरात फोन असताना ही बाई कागद का खराब करते आहे, असं तुला वाटेल. पण फोनवर तू ‘हं’ म्हणतेस, मी ‘बरंय’ म्हणते, मधेच वेदांग इंग्रजीत काहीतरी विचारतो आणि संपलं बोलणं. शिवाय या दोन खोल्या. इथे बोललेलं तिथे ऐकू जातं. खालच्या मजल्यावरची सँड्रा, वसईची, नर्स आहे ती, रविवारी रजेवर निघते आहे. ठाण्याला येऊन ती हे पत्र देईल. तुझ्या भावाकडे नाही, वहिनीकडे नाही, तुझ्याच हातात, असं तिला बजावलं आहे.

इकडे सर्व क्षेम. राजन बरा आहे. मीही बरी आहे. उकाडा म्हणशील तर थंड पाण्याचा म्हणून जो नळ आहे त्या पाण्यात चहा होईल.

कंपनीने त्याला ‘लाँग लीव्ह’ म्हणून घरी बसवलं होतं ते तुला ठाऊक आहे. आता ती लीव्हही संपवली आणि नोकरीही. समोरचा टॉवर तू मार्चमध्ये वेदांगला घेऊन निघालीस तेव्हा जेवढा होता, तेवढाच आहे. क्रेन तशीच वाकून उभी आहे, तिच्यावर आता कबुतरं बसतात. महिनाअखेर घर सोडायचं. नातूर खैरुद्दीन वर येऊन सांगून गेला (इथे वॉचमनला नातूर म्हणतात हे मी आता शिकले), “मांजी, ऑफिसवाला बोलता है, सब दीवार सफेद होना. जैसा लिया, वैसाच वापस देना.” मी मराठीतच म्हटलं, “बाबा रे, जसं घेतलं तसं आजवर कुणाला परत देता आलंय?” त्याला काय कळलं कोण जाणे. “इन्शाल्ला” म्हणाला आणि गेला.

म्हणून राजन घर पांढरं करतो आहे. माणूस लावत नाही, एकटाच करतो.

तुझं हे घर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय म्हणाले होते ते तुझ्या लक्षात असेलच, सुना असल्या गोष्टी विसरत नाहीत. ‘हे घर आहे की रंगपंचमीचा दुसरा दिवस?’ स्वयंपाकघर पोपटी, बोळ आमसुली, न्हाणीघराचं दार डाळिंबी, वेदांगच्या खोलीचं छत आकाशी आणि वर त्यात चांदण्या. आणि हॉलमधली ती मोठी भिंत! तिला मी मंगल कार्यालयाची भिंत म्हणायचे. आल्यागेल्याला विचारायचे, अक्षता कुठे ठेवल्यात. तू नुसती हसायचीस.

रास अल खोरच्या भंगारातून केबलचं ते लाकडी रीळ आणलंस आणि त्याचं टेबल करायला राजनला सुट्टीच्या दिवशी घासकागद घेऊन बसवलंस, तेव्हाही मी बोलले. मुलाला इंजिनिअर केलं, बायकोने सुतार केलं. पण घासताना तो शिट्टी वाजवायचा, छाया. मला ती आत्ता आठवते आहे. टेबल विकलं गेलं. एक पंजाबी जोडपं घेऊन गेलं, त्या मुलीला तुझे निळे-पिवळे पट्टे फार आवडले. पलंगही गेला. तुझी पोपटी खुर्ची तेवढी आहे.

इथे लोक उठसूट ‘खलास’ म्हणतात. गॅसवाला सिलिंडर लावतो, खलास. बकाल्यात, म्हणजे खालच्या वाण्याकडे, कोथिंबीर संपली, खलास. राजनलाही तीच सवय. एक खोली झाली की हात पुसत येतो, “बेडरूम खलास, आई.” मला हा शब्द सोसत नाही. आपल्याकडे खलास होतो तो माणूस.

दिवा लावायची वेळ झाली. उरलेलं उद्या.

गुरुवार

राजन व्हिसाच्या कामाला बाहेर गेला आहे. सँड्राच्या नवऱ्याला, रॉयस्टनला, मी त्याच्यासोबत धाडलं. का धाडलं ते सांगते.

वर ‘राजन बरा आहे’ असं लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. आईने पहिल्यांदा खोटंच लिहिलं हेही तुला दिसू दे.

तो दाढी करत नाही. ताट पुढे ठेवलं तर जेवतो, नाही ठेवलं तर मागत नाही. अर्ज करायचे त्याने कधीच सोडले. मी काही विचारलं तर “बघू” म्हणतो. रंग मात्र मारतो. सकाळी उठला की रोलर हातात. तुझा पोपटी रंग मोठा चिवट निघाला, दोन हात दिले तरी वाळल्यावर खालून डोकावतो. मग तिसरा हात. इतकं मन लावून त्याला पुसताना मी पाहिलं. घर सोडायचं म्हणून कुणी एवढ्या निगुतीने भिंत पांढरी करत नाही. तो मागे काही ठेवायचंच नाही अशा हिशेबाने मारतो आहे.

परवा वेदांगने फोनवर मला विचारलं, “आजी, इज माय सीलिंग स्टिल देअर?” मी म्हटलं, “आहे की रे, सगळ्या चांदण्या आहेत.” बापाने सगळ्यात आधी तेच छत पांढरं केलं होतं. फोन ठेवला तर राजन दारात उभा. वळून गेला.

आता जे लिहायचं आहे ते मी काल दिवसभर टाळत होते.

गेल्या आठवड्यात मी कढीपत्ता आणायला खाली गेले होते. भर दुपार. बकाल्यातला पोरगा बोलका आहे, थोडा वेळ लागला. वर आले तर बाल्कनीचं दार उघडं. तुझी ती पोपटी खुर्ची बाहेर कठड्याला लावून ठेवलेली आणि राजन तिच्या पाठीवर हात ठेवून उभा. अनवाणी. मी हाक मारली. तो म्हणाला, “हवा घेत होतो, आई.”

मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता, दुबईत, हवा!

मी ओरडले नाही. कुठून अक्कल सुचली देव जाणे. म्हटलं, “खुर्ची आत घे, मला भाजी निवडायला बसायचंय.” त्याने आणली. मी तिच्यावर बसले आणि कढीपत्त्याचं एकेक पान काढत राहिले. त्या दिवसापासून बाल्कनीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या पदराच्या गाठीत. झोपतानासुद्धा. तो विचारत नाही किल्ली कुठे आहे. न विचारणंच मला जास्त भिववतं.

छाया, मी घाबरले आहे. तुझे सासरे गेले तेव्हाही एवढी घाबरले नव्हते, कारण तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रविवार

सँड्रा संध्याकाळी निघेल. आज संपवायलाच हवं. बूड टेकून लिहिते आहे. कुठे टेकून, ते पुढे येईलच.

शुक्रवारपर्यंत सगळं घर पांढरं झालं. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. उरली फक्त तुझी मंगल कार्यालयाची भिंत. रात्री जेवताना तो म्हणाला, “आता ही एकच राहिली. ही झाली की खलास.” मी विचारलं, “माझं तिकीट काढलंस वीस तारखेचं. तुझं?” तर म्हणाला, “तू पुढे हो. मला चाव्या द्यायच्यात.” आईच्या तोंडाकडे न बघता म्हणाला.

मी काय करावं? रोलर उचलला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. पासष्टी उलटलेली बाई लहान पोरासारखी वस्तू लपवते आहे! काल सकाळी त्याने शोधला, मला काही विचारलं नाही, खाली जाऊन नवा घेऊन आला. पण बसला तो बसलाच, त्या भिंतीपाशी. दुपारी तिथेच लादीवर आडवा होऊन झोपी गेला. एसी अंगावर येत होता म्हणून मी वेदांगची गोधडी काढली, तू इथे ठेवून गेलीस ती. पांघरूण घालताना दिसलं, एका कडेची शिवण उसवली आहे. आतलं कापड बाहेर आलं होतं. वरून धुऊन धुऊन विटलेलं, पण आत, जिथे ऊन नाही की साबण नाही, तिथे तसंच कोरं.

गुलबक्षी.

मी गोधडीकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. उसवलेलं टोक धरून भिंतीला लावलं. कुठे कापड संपतं आणि कुठे भिंत सुरू होते ते कळेना.

माझी साडी ती. तुला बघायला आलो होतो तेव्हा मी नेसले होते. चहाचा ट्रे ठेवता ठेवता तू म्हणालीस, “हा रंग तुम्हाला किती खुलतो!” मुलगी आगाऊ आहे, असं मी रिक्षात राजनच्या बाबांना सांगितलं होतं. ते गेले आणि मी ती नेसायची सोडली, लोक काय म्हणतील म्हणून. वेदांग झाला तेव्हा म्हटलं, गोधडीला घ्या, पडूनच आहे. मी टाकलेला रंग तू उचललास आणि दिवाणखान्यात समोरासमोर लावलास. आणि मी तिथेच बसून, तुझ्या हातचा चहा पीत, त्याला नावं ठेवत होते.

मी खाली बसले. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून, गोधडी मांडीवर घेऊन. राजन उठला तेव्हा म्हणाला, “आई, ऊठ. भिंत करायची आहे.”

“नाही उठत.”

“आई, प्लीज. हँडओव्हर आहे.”

“आईच्या अंगावरून रोलर फिरवायचा असेल तर फिरव.”

तो रोलर घेऊन उभा राहिला. रोलर कोरडाच होता. मग त्याला गोधडीचं ते उसवलेलं टोक दिसलं. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “पदराचा तुकडा घेऊन छाया पाच दुकानं फिरली होती, शेड मॅच करायला. तुला सांगायचं नाही म्हणाली. आई आपणहून ओळखतील, म्हणाली.” एवढं बोलला आणि रडायला लागला. नोकरी गेली तेव्हा नाही, तुम्ही दोघं गेलात तेव्हा नाही, आत्ता. माझ्या मांडीवर डोकं ठेवून, गोधडी तोंडात धरून रडला, चाळीस वर्षांचा मुलगा. मी नुसती केसांतून हात फिरवत होते. मीही रडले, लपवत नाही.

रडला म्हणजे बरा झाला असं नाही, ते मला कळतं. आज पुन्हा गप्प आहे. पण मघाशी चहा त्याने मागून घेतला.

आता तुला सांगते. तुमच्या दोघांत काय अडलं आहे ते मी विचारत नाही. फोनवर तुम्ही ‘वेदांगने अभ्यास केला का’ याच्यापुढे जात नाही हे मला माहीत आहे. तो लाजेने बोलत नाही आणि तू रागाने. तुझा राग खरा असेल, नव्हे, आहेच. तो राग घेऊन ये. भांडायला ये. तुझा व्हिसा अजून चालतो असं रॉयस्टन म्हणतो, त्याने विचारून घेतलंय. वेदांगला भावाकडे ठेव आणि मिळेल त्या विमानाने ये. या भिंतीला पांढरा रंग द्यायचाच असेल तर तो तू दे. ज्या हाताने लावला त्याच हाताने पुसला जाऊ दे. आणि मग त्याला दंडाला धरून आपल्याबरोबर विमानात बसव. माझं तो ऐकणार नाही, आईचं या वयात कोण ऐकतं? तुझ्यासाठी त्याने भंगारातलं रीळ घासलं होतं, शिट्टी वाजवत.

तू येईपर्यंत मी इथून हलत नाही. जेवते इथे, झोपते इथे, आणि आत्ता लिहितेही इथेच. पाठीला गार लागतं, पण सवय होईल. खैरुद्दीन आला तर सांगेन, घर तयार आहे, एक म्हातारी तेवढी वाळायची आहे.

पाकिटावर नाव घालायला घेतलं. ‘सौ. छाया’ लिहिलं आणि पेन थांबलं. ते एक अक्षर माझ्या नावापुढून गेलं तेव्हा मी घरीच होते, तरी काही करू शकले नव्हते. तुझ्या नावापुढचं जाऊ देणार नाही.

खाली सँड्राची टॅक्सी आली. पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहायची आपली पद्धत. जन्मभर लिहिलं, हाताला वळण म्हणून. आज तसं लिहीत नाही. आज नीट वाच.

कळावे.

तुझ्या भिंतीला टेकून बसलेली,
आई