वखारीतल्या तीन उंदरांची वर्दी

मी सुबराव ज्योतिबा खराडे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शेती व तंबाखूची वखार, राहणार कसबे बेळंकूर, निपाणीपासून पाच मैल, जिल्हा बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, नजर थोडी कमी झाली आहे. कोणाची भीड वा जबरदस्ती नाही. शिक्षण मराठी चौथी. तरीही या कागदात वकिलाचे एक अक्षर नाही. बेळगावच्या वकिलांनी "हा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही" असे सांगून अर्धा भाग खोडला होता. तो अर्धा भागच मला लिहावयाचा आहे.

कलम १. राहते घर पत्नी ताराबाई हिच्या हयातीत तिच्याकडे राहील, मागून मुलगा आनंदराव याच्याकडे जाईल. ओढ्याकाठचा मळा आनंदरावाचा. त्यास माझे चुलतभाऊ भावकू हरकत घेतील. बांधाच्या त्या वादात मीच खरा होतो आणि मरतानाही खराच आहे. मला लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची.

कलम २. म्युनिसिपालिटीतील जागा. ही मिळकत नव्हे, हे मी जाणतो. परंतु आमच्या घरात ती मिळकतीसारखीच वापरली गेली. वडील ज्योतिबा एकोणीस वर्षे मेंबर होते. त्यांनी आपल्या जागी मला उभे केले. मी सहा वर्षे मेंबर व वीस वर्षे अध्यक्ष होतो. नळ आणले, मुलींची शाळा काढली, ते खोटे नाही. आता आनंदराव उभा राहिला आहे. लोक त्यास मत देतील ते "ह्याच्या बापानं प्लेगात गाव उठू दिला न्हाय" म्हणून. ते कसे घडले ते लिहितो.

सन १९१७, जानेवारी. त्या काळी मेलेला उंदीर सापडला की म्युनिसिपालिटीस वर्दी द्यावी लागे. मग ती गल्ली रिकामी करून माणसे माळावरील झोपड्यांत राहावयास जात. आमच्या वखारीत तंबाखू निवडणारी चंपाबाई एके सकाळी सुपात तीन उंदीर घेऊन दारात आली.

"मालक, ह्ये थप्पीखाली घावलं. गल्लीला माळावर जाऊ द्या. पोरी हाईत माझ्या."

"मांजराने मारले असतील."

"मांजरानं मारलंय तर रगत कुठं हाय?"

मी तिच्या हातातले सूप काढून घेतले. निवडणूक बारा दिवसांवर होती. वखारीस कुलूप लागले असते आणि खराड्यांच्या वखारीतून प्लेग निघाला, असे गावभर झाले असते. ते उंदीर मी स्वतः परसात पुरले.

चंपाबाईने म्युनिसिपालिटीचे शिपाई यल्लाप्पा यांना सांगितले व त्यांनी त्याच दिवशी लेखी वर्दी दिली. मी सभा बोलावून घेतली आणि खोटी वर्दी देऊन गावात घबराट केल्याबद्दल त्यांना नोकरीवरून काढण्याचा ठराव मांडून मंजूर करून घेतला. मजकूर माझा, अक्षर माझे. वडील घरी म्हणाले, "खराड्यांची खुर्ची राखलीस रं." मला त्या वेळी आनंद झाला, हेही लिहिले पाहिजे.

गल्ली जागची हलली नाही. अकरा माणसे गेली. चंपाबाई व तिच्या दोन्ही मुली त्यांत होत्या. साधा ताप होता, असे मी सांगत राहिलो. रोग त्या गल्लीबाहेर पसरला नाही, त्यात माझे कर्तृत्व काही नव्हते. तरी गावाने मला हार घातले व पुढील वर्षी अध्यक्ष केले. यल्लाप्पा बोरगावला निघून गेले. त्यांना गावात आजही "उंदऱ्या" म्हणतात. ते नाव प्रथम मी भर सभेत घेतले होते. लोक पुष्कळ हसले होते.

कलम ३. सभागृहातील माझी तसबीर आनंदरावाने स्वतः उतरवावी. यल्लाप्पांना काढण्याचा तो ठराव रद्द करावा असा अर्ज, निवडून आला तरी व न आला तरी, त्यानेच द्यावा. फेटा व चांदीच्या मुठीची काठी कोणाही मेंबरास देऊ नये.

कलम ४. हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर बाजारात वाचावे, असे मी येथे लिहिले होते. साक्षीसाठी निवृत्त शिक्षक सिद्राम हुक्केरी व यल्लाप्पा यांना मंगळवारी घरी बोलावले. यल्लाप्पांनी चहा घेतला नाही. सर्व ऐकून म्हणाले,

"मेल्यावर वाचणार व्हय? म्हंजे तवाबी तुम्ही हजर न्हाय."

आनंदराव म्हणाला, "आप्पा, पंधरा दिस थांबा की. निवडणूक होऊ दे, मग काय वाचायचं ते वाचा."

यावर ताराबाई त्याला म्हणाली, "ह्यांनीबी तवा बारा दिसच बघितलं हुतं रं."

सबब ते कलम मी खोडले आहे. येत्या गुरुवारी भर बाजारात हा कागद मी स्वतः उभा राहून वाचीन व त्यानंतरच सही करीन. ऐकल्याशिवाय साक्ष घालणार नाही, असे यल्लाप्पांनी सांगितले आहे. दोन साक्षींवाचून मृत्युपत्र पुरे होत नाही, हे मला ठाऊक आहे. वाचताना माझा पाय मागे आला, तर हा कागद रद्दी समजावा.

वाचून, दोघा साक्षीदारांच्या समोर सही केली.

मुक्काम कसबे बेळंकूर, गुरुवार, ता. १३ मार्च १९४७

सही: सुबराव ज्योतिबा खराडे

साक्षीदार: सिद्राम मल्लाप्पा हुक्केरी, निवृत्त शिक्षक, कसबे बेळंकूर

साक्षीदार: यल्लाप्पा भीमाप्पा नाईक, बोरगाव. चंपाबाईचं नाव खराड्यांनी बारीक आवाजात घेतलं. परत मोठ्यानं वाचाय लावलं. मग सही केली.